मॅडमनी पाय वर घेतले

४ सप्टेंबर

आज हिचं औषध पुन्हा सुरू झालं. तिसऱ्यांदा! पहिल्या वेळी ऑपरेशन आणि औषध, दुसऱ्या वेळी नुसतं औषध, आणि आता हे नवं. दर गुरुवारी एक बाटली, तीन गुरुवार झाले की एक गुरुवार सुट्टी. अंडाशयाचा कॅन्सर, पण आता पोटभर पसरलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा पूर्ण जाणार नाही, काका. पण दाबून धरता येईल. किती दिवस, ते औषधच सांगेल." औषध बोलतं का कधी! मी ते विचारायला तोंड उघडलं, तर हिने माझा गुडघा दाबला.

घरातून निघतानाच माझं सुरू. फाईल घेतली का, पाण्याची बाटली घेतली का, गॅस बंद केला का — परत जाऊन पाहिला. बंदच होता. ही दारात उभी. "काळजीवाहू सरकार, निघायचं का?" आजार हिला आणि धाप मला!

येताना भाड्याची गाडी. ॲलर्जी होऊ नये म्हणून औषधाआधी एक इंजेक्शन देतात, त्याने ही गुंगीत. तरी मागच्या सीटवरून म्हणते, "क्लचवरचा पाय काढ रे, जळका वास येतोय." ड्रायव्हरने आरशात पाहिलं. "मॅडम, तुम्ही?" हिच्याच ड्रायव्हिंग स्कूलात शिकलेला! कान लाल झाले त्याचे. पण पुढच्या गतिरोधकावर गाडी उडवलीच. ही पोट धरून कण्हली. मागच्या दोन्ही वेळी ही स्वतः गाडी चालवत औषधाला गेली आणि स्वतः चालवत आली. या वेळी डॉक्टरीणबाईंनी सक्त मनाई केली आहे.

७ सप्टेंबर

हिचं डोकं ठिकाणावर आहे असं मी आजवर समजत होतो. सकाळी चहा पिता पिता म्हणाली, "अहो, तुम्ही गाडी शिका."

मी! शाळा चौथीत सुटली, पुढची सगळी हयात लिफ्टमध्ये गेली. एका मोठ्या कचेरीत लिफ्टमन होतो. वर आणि खाली, खाली आणि वर. लिफ्टला वळण नाही, मागून हॉर्न नाही, समोरून कुणी अंगावर येत नाही. बायकोचं ड्रायव्हिंग स्कूल, अर्ध्या गावाला तिने गाडी शिकवली, आणि नवरा शेजारच्या सीटवर मुठी आवळून देवाचं नाव घेणारा. दिव्याखाली अंधार, म्हणायचे लोक. म्हणोत.

"या वयात?" मी म्हटलं.

"मग काय पुढच्या जन्मी? त्या भाड्याच्या गाड्यांत धक्के बसले की पोटातलं पाणी डचमळतं. मला माझ्या गाडीतून घरी यायचंय. आणणार तुम्ही."

मी कप विसळायला उठलो. नाही मात्र म्हटलं नाही. 

८ सप्टेंबर

लेकीचा फोन, तिच्या गावाहून. "बाबा, आई म्हणतेय ते खरं?" मग इतकी हसली की हसता हसता रडायला लागली. मीच समजूत काढली — अगं, रडतेस कशाला, अजून कुणाला उडवलं नाही!

१५ सप्टेंबर

रस्त्यावरच्या चिन्हांची परीक्षा पास झालो! पडद्यावर चित्र येतं, आपण बटण दाबायचं. बटणं दाबण्यात माझा हात कोण धरणार! एकच चुकलं. निसरडा रस्ता दाखवला होता, मला वाटलं ड्रायव्हर प्यायलेला आहे. ही म्हणाली, "अर्थ एकच. सावकाश जा." शिकाऊ परवाना हातात. फोटोत मी चोरासारखा दिसतो.

२० सप्टेंबर

परवा तिसरी बाटली झाली. आज हिला तरतरी होती म्हणून पहिला धडा. गोदामांच्या मागचं मोकळं मैदान.

हिच्या शाळेचा फलक मागच्या वर्षी उतरवला, पण ही एक गाडी ठेवली आहे. दोन्ही बाजूंना पेडल असलेली. शिकणाऱ्याने घोळ घातला की शिकवणाऱ्याने आपल्या बाजूचा ब्रेक दाबायचा. बसल्याबरोबर म्हणाली, "ऐका. या गाडीत नवरा-बायको नाही. तू शिकाऊ, मी मॅडम. आरसा बघ."

तू! इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा 'तू' ऐकलं. मी तिच्याकडे बघतच राहिलो.

"माझ्याकडे काय बघतोस? आरसा!"

गाडी किती वेळा बंद पडली ते लिहीत नाही. एकदा तर भिंतीकडेच निघाली. मी सवयीने हात डावीकडे नेला. लिफ्टचा लाल खटका तिथे असायचा. तिथे होता हिचा खांदा! हिने आपल्या बाजूचा ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी. "मला दाबून गाडी थांबत नाही," म्हणाली.

घामाने शर्ट भिजला. पण एक पुरी फेरी मारली बुवा मैदानाला.

२७ सप्टेंबर

केस गेले. हेही तिसऱ्यांदा. मी विग घेऊ म्हटलं. "नको. काच खाली केली की उडायचा, मग त्याला वेगळा सीटबेल्ट."

डोक्याला निळा रुमाल बांधून शिकवायला बसली. काय दिसत होती! विमान चालवणारी बाईच जणू. चौकातला पोलीस ओळखीचा निघाला, त्याने सलाम ठोकला. तिने मान हलवली, राणीने हलवावी तशी. माझी छाती फुगली आणि त्याच झटक्यात गाडी बंद पडली.

२ ऑक्टोबर

औषधाचा दिवस. शेजारच्या खुर्चीत एक नवीन बाई आली होती, पहिलीच वेळ. नळी लावायच्या आधीच रडायला लागली. सिस्टर तिकडे दुसऱ्या पेशंटच्या मशीनचा आवाज बंद करण्यात गुंतलेली. तर आमची ही, औषधासाठी छातीत बसवलेल्या डबीत सुई टोचलेली, तशीच वाकून त्या बाईला म्हणते, "पहिल्या दिवशी सगळ्यांचीच गाडी बंद पडते हो. पुन्हा चालू करायची. मागे कोण हॉर्न वाजवतंय ते बघायचं नाही." ती बाई रडता रडता हसली. सिस्टर म्हणाली, "काकू, तुम्हाला इथे नोकरीवर ठेवून घेऊ का?"

मी कोपऱ्यात स्टुलावर बसलो होतो. माझी बायको आहे ती, असं मोठ्याने सांगावंसं वाटत होतं. सगळ्यांना माहीतच होतं म्हणा.

७ ऑक्टोबर

आज मोठ्या रस्त्यावर. ट्रक! दोन बाजूंनी दोन! जीव मुठीत. ही शांत. "तो त्याच्या जागेत, तू तुझ्या जागेत. भांडण काय आहे?"

११ ऑक्टोबर

मन थाऱ्यावर नाही. आज गाडीत बसल्यावर थोड्या वेळाने हिने चपला काढल्या आणि दोन्ही पाय सीटवर घेऊन मांडीच घातली. अशी कधी बसत नाही. पाय नेहमी पेडलांच्या वर तयार असतात तिचे. डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, या औषधाने हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, आला की लगेच सांगा. आलाच वाटतं पायांत! मला सांगत नाहीये. विचारलं तर, "पुढे बघ."

घरी आल्यावर जाड मोजे आणून दिले. "हे कशाला?" म्हणाली आणि कपाटात टाकले.

१४ ऑक्टोबर

पुन्हा मांडी घालून बसली. नळाखाली धरलेला पेला आज हातातून निसटला. साबण होता म्हणे.

१६ ऑक्टोबर

आज मी बोललो. खुर्चीत बसवण्याआधी डॉक्टरीणबाई तपासतात तेव्हा हिने नेहमीसारखं "सगळं छान" म्हटलं, आणि मी मध्येच तोंड घातलं. "छान कसलं! गाडीत पाय वर घेऊन बसते. पाय बधिर झालेत तिचे."

हिने असं पाहिलं माझ्याकडे! लिफ्टचा दोर तुटावा तसं वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी पायांना कापूस लावून पाहिला. पायांना कळत होतं! मग हातांना लावला, डोळे मिटून. बोटांना कळेना. माझ्या सदऱ्याचं बटण लावायला सांगितलं, तर बोटं नुसती चाचपडत राहिली. कधीपासून? "थोडे दिवस झाले." का सांगितलं नाहीत? "डोस कमी केला असता तुम्ही."

केलाच त्यांनी. म्हणाल्या, डोस कमी केला नाही तर बोटं कायमची जातील.

येताना भाड्याच्या गाडीत एक अक्षर नाही. त्या ड्रायव्हरच्या क्लचवरही बोलली नाही. घरात शिरताना एवढंच, "तुम्हाला कुणी सांगितला होता चोंबडेपणा?"

१७ ऑक्टोबर

अबोला.

१८ ऑक्टोबर

अबोला. पण सूप प्यायली. मीच केलं होतं, मीठ विसरलो होतो. बोलायचं नव्हतं म्हणून तसंच प्यायली.

२१ ऑक्टोबर

आज जे कळलं ते आधी लिहून काढतो.

ब्रेकचा मागचा दिवा गेला होता म्हणून गाडी गॅरेजात सोडली होती. झाली का विचारायला पायी गेलो. हा गॅरेजवाला शाळेच्या सुरुवातीपासून हिच्या गाड्या बघतो. म्हणाला, "काका, कुठवर आलं शिक्षण?" मी आपलं रडगाणं लावलं. कसलं शिक्षण, ती तर मांडी घालून बसते, मला वाटलं पाय बधिर झाले, तर पाय ठणठणीत निघाले, मला काही समजेनासं झालंय.

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "मांडी घालून? चालत्या गाडीत?"

"हो ना."

"अहो काका! मॅडमनी पाय वर घेतले?" असा ओरडला की शेजारचा पंक्चरवाला बघायला आला. "अहो, तेच तर मॅडमचं सर्टिफिकेट! शिकाऊ तयार झाला की मॅडम त्याला सांगत नाहीत. गपचूप आपले पाय वर घेतात. मग ब्रेक त्याचा एकट्याचा. आम्ही सगळे तेवढंच विचारायचो — पाय वर घेतले का? मॅडमनी पाय वर घेतलेला माणूस परीक्षेत नापास झालेला मी पाहिला नाही. मला स्वतःला सहा महिने लागले होते!"

मी त्याच्या टायरवर बसलो. त्याने चहा मागवला.

म्हणजे त्या दिवसापासून मी एकटाच चालवत होतो. मध्ये एक कुत्रा आडवा आला तेव्हा थांबवली, ती मी. चढावर मागे येऊ दिली नाही, ती मी! मला वाटत होतं हिचा पाय आहे.

संध्याकाळी न राहवून मीच अबोला मोडला. "पाय वर का घेतलेस?"

"कळलं वाटतं."

"मला वाटलं बधिर झाले."

"बोटं गेली होती, पाय नव्हते गेले. पायांत जीव नसता तर मी त्या सीटवर बसले असते का? धंद्याला बट्टा लावीन?"

"मग सांगायचं नाही का मला!"

"सांगितलं की शिकाऊ फुगतो. फुगला की ठोकतो."

फुगलो. आज लिहून ठेवतो, फुगलो! सत्तरी ओलांडल्यावर माणूस इतका फुगू शकतो हे ठाऊक नव्हतं. मग ती हसली आणि म्हणाली, "आणि डॉक्टरीणबाईंना सांगितलंत ते बरंच केलंत. काल सुई ओवता येईना तेव्हा मी घाबरले होते." ही घाबरते, हे मला आज कळलं.

६ नोव्हेंबर

बाटली झाली. घरी आल्यावर हिने अंथरुणावर बसून आपल्या पायाचे अंगठे चिमटून पाहिले. "आज गेले," म्हणाली. "आता शिकवणं बंद. तुम्ही शेवटचे." 

मी बाजूला बसून तिचे अंगठे चोळत राहिलो. तिला कळत नव्हतं, पण तिने चोळू दिले. शेवटचा शिकाऊ मी. तिच्या हाताखालून गेलेल्या सगळ्या गावात शेवटचा.

१० नोव्हेंबर

परीक्षा.  लायसनच्या कचेरीत सगळी विशी-बाविशीची पोरं, त्यात मी. एकाने विचारलं, "आजोबा, नातवाला सोडायला आलात?"

परीक्षा घेणारा साहेब कपाळाला आठ्या घालूनच जन्मलेला. शेजारी बसला. ही बाहेर बाकावर, निळा रुमाल, हात मांडीवर. मी तिच्याकडे पाहिलं. तिने बोट आरशाकडे केलं.

आरसा पाहिला. निघालो. चौक, चढ, मागे घेणं, दोन गाड्यांच्या मध्ये लावणं. साहेब नुसता टिपून घेतोय, बरं की वाईट कळू देत नाही. शेवटी कडेला लावली, हँडब्रेक ओढला, आणि जन्माची सवय — तोंडातून निघून गेलं, "सांभाळून, पाय बघून उतरा साहेब."

आठ्या गेल्या की त्याच्या! "लिफ्टमन होतात का तुम्ही?" म्हणाला. "एक सांगतो. इतकी अलगद थांबलेली गाडी मी बऱ्याच दिवसांत पाहिली नाही. कुणाकडे शिकलात?"

मी बाकाकडे बोट दाखवलं. तो ताठच बसला. खाली उतरून तिच्याजवळ गेला, काहीतरी बोलला. ती मान हलवत होती.

पास!

"काय म्हणाला गं?" मी विचारलं.

"म्हणाला, शाळा बंद केलीत ते वाईट झालं. मी म्हटलं, शेवट चांगला झाला."

लेकीला फोन केला. ती म्हणे, "बाबा, तुमचा आवाज वेगळाच येतोय." मी म्हटलं, परवानाधारक माणसाचा आहे.

१३ नोव्हेंबर

हे नीट लिहून ठेवायचं आहे.

आज औषध संपल्यावर सिस्टर चाकाच्या खुर्चीतून हिला फाटकापर्यंत घेऊन आली. "टॅक्सी बोलावू का काका?" मी किल्ली दाखवली.  ती दाखवताना हात जरा जास्तच वर गेला असेल.

हिला बसवलं, पट्टा लावला, पोटावर मऊ उशी ठेवली म्हणजे पट्टा रुतणार नाही. निघालो. गतिरोधक आला की आधीच वेग कमी, मग एक चाक, मग दुसरं. मी मनात मजले मोजत होतो, त्याने धीर येतो.

पुलापाशी बोलायला वळून पाहिलं तर ही झोपलेली! मान खिडकीला, तोंड थोडं उघडं. ही बाई आयुष्यात दुसऱ्याच्या गाडीत झोपली नाही. बसमध्येसुद्धा ड्रायव्हरच्या पायांकडे लक्ष. लग्नानंतर पहिल्या प्रवासात मी झोपलो आणि ही जागी, कारण म्हणे ड्रायव्हर वळणावर उशिरा ब्रेक दाबत होता. ती माझ्या गाडीत झोपली.

घर आलं तरी उठवली नाही. मागे कुणी अडलं नव्हतं. काच किंचित खाली केली आणि बसून राहिलो. मला आज काही झालं तरी चालेल असं वाटलं. मग वाटलं, नाही, अजिबात चालणार नाही, हिला जिना चढवून घरात कोण नेईल?

२५ नोव्हेंबर

फोटो काढला होता पोटाचा, त्याचा निकाल. औषधाने दाबलेलं नाही. यकृताजवळची गाठ वाढलीय, एक नवीनही दिसतेय.

माझ्या तोंडून आलंच, "मी बोललो म्हणून डोस कमी झाला, म्हणूनच ना—" डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "नाही काका. पूर्ण डोस असता तरी हेच झालं असतं."

ही म्हणाली, "बघा, इथेही यांना स्वतःकडेच श्रेय घ्यायचंय."

आणखी एक औषध आहे. लाल रंगाचं. महिन्यातून एकदाच. डॉक्टरीणबाईंनी लपवलं नाही. थोड्याच जणींना गुण येतो, आला तर काही महिन्यांचा. तळहात-तळपाय सोलवटतात, तोंड येतं. घ्यायचं तर चार तारखेला पहिली बाटली. "विचार करून सांगा."

२९ नोव्हेंबर

लेक आली. ती आणि मी एका बाजूला. घ्यायचं! थोडक्यांना गुण येतो तर थोडक्यांत ही का नाही? ही आमच्याकडे पाहत बसली होती, दोन शिकाऊ भांडताना बघावं तशी. "आई, बोल ना काहीतरी." "ऐकतेय मी. तुम्ही बोला."

लेकीला स्टेशनवर सोडायला मी गाडी नेली. उतरताना तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "छान चालवता बाबा. आईसारखी."

२ डिसेंबर

फाईल भरून ठेवली. उशी, मोजे, लिंबाचं सरबत. टायरची हवा पाहिली. पुन्हा पाहिली. ही म्हणाली, "कालचीच हवा आहे हो."

४ डिसेंबर

सकाळी निघालो. हॉस्पिटलच्या चौकाआधी मी आरसा पाहिला, इंडिकेटर दिला. ही म्हणाली, "अहो, सरळ घ्या."

"सरळ? आणि औषध?"

"डॉक्टरीणबाईंना काल मी फोन केला. पुरे झालं. सरळ घ्या, सावकाश. बघू किती लांब नेता."

मागे हॉर्न वाजत होता. मी इंडिकेटर बंद केला, पुन्हा आरसा पाहिला, आणि गाडी सरळ घेतली. धक्का बसू दिला नाही.